जानेवारी आला की धिंगरी का बसते? थंडीला दोष देण्याआधी बियाणं तपासा

धिंगरी ही अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, भिजवलेल्या तणशीच्या (पेंढ्याच्या) बेडवर घेतात. ऑक्टोबरात किलोभर कोरड्या तणशीच्या बेडमागे तीन तोड्यांत सहाशे-सातशे ग्रॅम माल निघतो. संक्रांतीपर्यंत तोच आकडा साडेतीनशे-चारशेवर येतो. पिना, म्हणजे अळिंबीचे इवले अंकुर, उशिरा धरतात, धरल्या तर बेडच्या एकाच बाजूला धरतात आणि अर्ध्या पिवळ्या पडून वाळतात. बेड मात्र बुरशीच्या तंतूंनी पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र! पुढच्या ऑक्टोबरात सगळं परत झकास, आणि जानेवारीत परत तेच रडगाणं.

माझ्याकडे हे लागोपाठ तीन हंगाम झालं. नागपुरात हिंगणा रोडला माझी दोन खोल्यांची शेड आहे, पांढरी धिंगरी म्हणजे फ्लोरिडा लावतो आणि स्पॉन, म्हणजे तिचं बियाणं, घरीच करतो. तुमच्याकडेही उत्पन्न असंच कॅलेंडर बघून पडत असेल, तर पुढचं सावकाश वाचा. मी दोन हंगाम चुकीच्या जागी हात घालत बसलो होतो.

पहिल्या वर्षी साहजिकच थंडीवर संशय. नागपुरात जानेवारीतल्या पहाटे पारा आठ-दहावर उतरतो, शेडची पत्र्याची भिंत हाताला चटका द्यावा इतकी गार लागते. बल्ब लावले, दारांना प्लॅस्टिकचे पडदे ठोकले. खोली उबदार झाली, पण हवा कोंडली. बेडमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड आतच राहिला आणि जे थोडंफार येत होतं त्याचे देठ लांबुळके नि टोप्या बटणाएवढ्या होऊ लागल्या. ही खूण लक्षात ठेवा. देठ लांब आणि टोपी बारीक असेल तर आधी खिडकी उघडा, बियाण्याच्या मागे लागू नका. माझ्याकडे पडदे काढल्यावर देठ सुधारले, वजन काही वाढलं नाही.

दुसऱ्या वर्षी तणशीवर खापर फोडलं. भंडाऱ्याकडून येणारी धानाची तणस सोडून सोयाबीनचं कुटार वापरलं. कुटार पाणी फार धरतं, नीट निथळलं नाही तर आतून तापतं. चाळीसेक बेड हिरव्या बुरशीने खाल्ले आणि जे वाचले त्यांनीही जानेवारीत मान टाकलीच. तो खर्च आठवला की अजून पोटात गोळा येतो.

उत्तर उसनवारीतून सापडलं

तिसऱ्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी माझं स्पॉन संपलं. ओळखीच्या एका उत्पादकाकडून दहा पिशव्या उसन्या आणल्या. गंमत अशी की सप्टेंबरात आम्ही दोघांनी एकाच ठिकाणाहून, एकाच लॉटमधली कल्चर ट्यूब (शुद्ध बुरशी वाढवलेली नळी) आणली होती. म्हणजे जात तीच, नात्याने सख्खी. त्या पिशव्यांचे बेड माझ्याच रॅकवर, माझ्याच बेडशेजारी लटकवले. तणस एका ढिगातली, पाणी एका पंपाचं. पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी उसन्या बेडवर गुच्छ लोंबत होते, माझ्या बेडवर कापूस.

शेडमधल्या मावशी दोन्ही रांगांकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, खोली तीच, पाणी तेच, मंग याले काऊन येऊन राहिलं अन् त्याले नाही? तुमचं बियाणंच बुढं झालं असन."

बियाणं बुढं होतं हे मी वाचलं होतं, पण माझं तर दर तीन आठवड्यांनी ताजं बनत होतं! खरी गोम तिथेच होती.

गव्हाच्या दाण्यावर स्पॉन करायची युक्ती अमेरिकेतल्या जेम्स सिंडन यांची, त्याचं पेटंट १९३२ सालचं. तिचा मोठा फायदा म्हणजे एक पिकलेली पिशवी वीस-पंचवीस नव्या पिशव्यांत विरजणासारखी वाटता येते. मी नेमकं विरजणच लावत होतो. प्रत्येक खेपेतली एक पिशवी मागे ठेवायची, तिच्यापासून पुढची खेप. अठरा-वीस दिवसांची एक पिढी धरली, तर सप्टेंबरात सुरू केलेलं विरजण संक्रांतीला सहाव्या-सातव्या पिढीत पोचलेलं असायचं. पुढच्या सप्टेंबरात नवी ट्यूब आली की मोजणी शून्यापासून सुरू. म्हणून ऑक्टोबर चांगला जायचा नि जानेवारी वाईट. थंडीचा आणि पिढ्यांचा महिना निव्वळ योगायोगाने एक होता, आणि मी त्या योगायोगावर दोन वर्षांचे पैसे लावले.

माझा उत्पादक मित्र मात्र दर वेळी मागे ट्यूबपर्यंत जायचा. ट्यूबमधून मास्टर बाटली, बाटलीतून पिशव्या, पिशव्या थेट बेडमध्ये. पिशवीतून पिशवी कधीच नाही.

पण क्लोन तर क्लोनच, मग बदललं काय?

हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. आपण संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतो तेव्हा झाड मातृवृक्षासारखंच निघतं. धिंगरीची वाढही बियाविना, तुकड्यातून तुकडा अशीच. मग घसरण कसली?

धिंगरीच्या वाढत्या तंतूच्या प्रत्येक पेशीत दोन वेगवेगळी केंद्रकं असतात, एका घरात दोन चुली असाव्यात तशी. एक एका पालकाचं, दुसरं दुसऱ्याचं. ती एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त जोडीने विभागत राहतात. त्यांचा संगम होतो तो टोपीखालच्या पडद्यांवर, बीजाणू तयार होण्याच्या क्षणी. तोवरची सगळी वाढ म्हणजे नकलेची नक्कल. नक्कल करताना बारीक चुका होतातच. कुठे एखादं जनुक बिघडतं, पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात दोष शिरतो, क्वचित दोनातली एक चूलच विझते.

एवढ्या चुका निसर्गातही होतात. फरक निवडीचा. पिशवीतल्या उकडलेल्या गव्हावर कोणता तंतू जिंकणार? जो धावतो तो. टोपी धरण्याची क्षमता तिथे कोणी तपासत नाही, कारण पिशवीत टोपी यायचीच नसते. एखाद्या तंतूची ती क्षमता अधू झाली तरी त्याला पिशवीत काही तोटा नाही. त्यात माझं शहाणपण असं की मागे ठेवायची पिशवी निवडताना सर्वांत लवकर आणि सर्वांत दाट पांढरी झालेली पिशवीच उचलायचो. मी नकळत पैदासच करत होतो, गव्हावर पळणाऱ्या आणि फळ न धरणाऱ्या बुरशीची. पैदासकार जे वीस पिढ्यांत विचारपूर्वक करतात ते मी सात पिढ्यांत उलट्या दिशेने करून दाखवलं.

दुसरं कारण विषाणू. १९४८ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियात बटण अळिंबीवर एक रोग दिसला. ज्यांच्या शेडमध्ये तो आधी आढळला त्या ला फ्रान्स भावांचंच नाव त्याला पडलं. १९६२ साली त्यात विषाणूचे कण सापडले, आणि बुरशीलाही विषाणू होतो हे जगाला कळलं. धिंगरीतही पुढे विषाणू सापडले. तंतूला तंतू जुळला की विषाणू पलीकडे जातो, म्हणजे विरजण पद्धतीत एक आजारी पिशवी सगळ्या खेपेला प्रसाद वाटते. संत्र्याच्या रोगट झाडाचे डोळे भरले तर हीच गत होते.

तिसरं कारण अगदी साधं. दाण्यातून दाण्यात जाताना जिवाणूही जातात. पिशवी उघडल्यावर आंबूस वास, दाणे चिकट, तळाशी ओल असं असेल तर आधी तुमचा कुकर आणि गव्हातली ओल सुधारा. जनुकांपर्यंत जायची वेळच येणार नाही.

ओळखायचं कसं

माझ्या मते एकच चाचणी खरी, बाकीच्या मदतनीस. दहा बेड जुन्या स्पॉनचे, दहा बेड ट्यूबपासून नव्याने केलेल्या स्पॉनचे. तणस एकाच दिवशी भिजवलेली, भरणारा हात एक, आणि रॅकवर एकाआड एक लटकवायचे. सगळे जुने एका भिंतीला नि सगळे नवे दुसऱ्या भिंतीला लावले तर तुम्ही भिंतींची तुलना कराल. प्रत्येक तोड्याचं वजन बेडवार लिहायचं, एकत्र नाही. मी पूर्वी दिवसाचा एकूण माल लिहायचो आणि त्या वहीतून कधीच काही कळलं नाही. नवे बेडही तेवढेच कमी देत असतील तर दोष खोलीत किंवा तणशीत आहे. नवे बेड भरून आले तर उत्तर मिळालं.

दुसरी खूण पेट्री प्लेटवर. या झाकणाच्या चपट्या बशीत बटाट्याच्या माध्यमावर (बुरशीचं खाद्य असलेल्या जेलीवर) स्पॉनचा एक दाणा ठेवायचा. निरोगी फ्लोरिडा गोल, एकसारखी पसरते आणि खोली पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर आठवडा-दहा दिवसांत प्लेट भरते. माझ्या सातव्या पिढीच्या प्लेटवर गोलातून पंख्यासारखी एक फाक बाहेर निघाली, बाकीच्यापेक्षा फुगीर आणि पुढे धावणारी. अशी फाक दिसली की ती प्लेट पुढे वापरायची नाही. शेजारचा चांगला भाग कापून घ्यायचा मोह होतो, तोही टाळा. मी तसं करून बघितलं, बेड थोडेसे सुधारले आणि पुढच्या खेपेला परत घसरले.

सूक्ष्मदर्शक असेल तर चारशे पटीत तंतू बघा. धिंगरीच्या दोन केंद्रकांच्या तंतूवर पेशींच्या सांध्याला छोटीशी कडी दिसते, तिला क्लॅम्प म्हणतात. कड्या नाहीत म्हणजे एक चूल विझली, किंवा तुम्ही भलतीच बुरशी वाढवताय. बटण अळिंबीवाल्यांनी ही परीक्षा घेऊ नये, तिच्यात चांगल्या तंतूवरही कड्या नसतात.

आणखी एक परीक्षा आहे, ती लोक चुकीच्या कामाला वापरतात. एका प्लेटवर दोन कल्चर समोरासमोर लावायची. वेगवेगळ्या जातींचे तंतू भेटतात तिथे उंचवटा किंवा रेघ उमटते, बांध घातल्यासारखी. एकच जात असेल तर दोन्ही बेमालूम मिसळतात. त्यातून जात कळते, तब्येत कळत नाही. माझी थकलेली सातवी पिढी आणि ताजी ट्यूब छान मिसळली, कारण दोघी एकच. पण या परीक्षेने दुसरीच एक भानगड उघडी पडली. 'जास्त उत्पन्नाच्या' म्हणून वेगवेगळ्या नावांनी विकत घेतलेल्या तीनपैकी दोन जाती एकमेकींत विरघळल्या. नावं दोन, किंमत दोनदा, बुरशी बहुधा एकच.

हे काही आपल्याकडचंच नाही. बटण अळिंबीचे पहिले व्यापारी संकर नेदरलँड्समधल्या हॉर्स्ट इथे गेर्डा फ्रित्शे यांनी १९८० च्या सुमारास काढले, यू-१ आणि यू-३. आपल्याकडच्या बटणवाल्यांच्या तोंडी यू-३ हे नाव अजून असतं. त्यानंतर जगभर निरनिराळ्या नावांनी विकल्या गेलेल्या कितीतरी पांढऱ्या जाती म्हणजे यू-१ च किंवा तिच्या अगदी जवळच्या नकला. जनुकीय विविधता इतकी आटलेली असली की एखादा नवा रोग सगळ्यांना एकदम झोपवू शकतो.

मी काय बदललं

पिशवीतून पिशवी बंद. हा नियम शेडच्या दारावर खडूने लिहिलाय. हंगामाच्या सुरुवातीला खात्रीच्या ठिकाणाहून शुद्ध कल्चर आणायचं. सोलनला १९८३ मध्ये अळिंबीचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, आज ते अळिंबी संशोधन संचालनालय आहे, तिथून किंवा कृषी विद्यापीठातून मागवता येतं. त्या मूळ ट्यूबपासून एकदाच आठ ट्यूब करायच्या, मूळ ट्यूब बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आठातल्या प्रत्येकीपासून दोन मास्टर बाटल्या, प्रत्येक बाटलीपासून वीस पिशव्या, आणि त्या पिशव्या फक्त बेडसाठी. हिशोब केला तर तीनशे वीस पिशव्या होतात. माझ्यासारख्या छोट्या शेडला हंगामभर पुरून उरतात. म्हणजे विरजणाची मला गरज कधी नव्हतीच, सवय होती.

राखीव साठा पाण्यात ठेवतो. कुकरमध्ये निर्जंतुक केलेल्या डिस्टिल्ड पाण्याच्या छोट्या बाटलीत माध्यमासकट कापलेले पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचं. खायला नवं काही नसल्यामुळे बुरशी वाढत नाही, आणि वाढत नाही म्हणून फारशी बदलतही नाही. लिक्विड नायट्रोजन परवडणाऱ्यांनी तो वापरावा, आमच्यासारख्यांना पाणीच बरं. प्रत्येक ट्यूबवर तारीख आणि पिढीचा आकडा लिहायचा. माध्यमही अधूनमधून बदलतो. कधी बटाटा, कधी त्यात तणशीचा काढा, म्हणजे तंतूला एकाच गोडाची चटक लागत नाही.

यंदाच्या जानेवारीत बेडमागे सहाशेच्या थोडं खाली मिळालं. तेवढी घट खरोखरच थंडीची असावी, पहिला तोडा आठवडाभर उशिरा आला.

हमखास विचारले जाणारे दोन प्रश्न

"सर्वांत मोठ्या गुच्छातून टिश्यू घेतला तर जात सुधारत नाही का?" नाही. देठ आणि टोपीच्या सांध्यातला आतला तुकडा घेतला की तीच जात परत हातात येते, सुधारित नाही. तरी त्याचा उपयोग आहे. त्या तुकड्याने फळ धरून दाखवलेलं असतं, म्हणजे गव्हावर न होणारी परीक्षा तो पास झालेला असतो. मी ऑक्टोबरच्या पहिल्या तोड्यात चार-पाच चांगल्या बेडमधून असे तुकडे घेऊन ठेवतो. जानेवारीत थकलेल्या बेडमधला त्यातल्या त्यात बरा गुच्छ निवडाल तर थकवाच जपून ठेवाल. आणि गोकुळपेठेत भाजीच्या दुकानातून आणलेल्या पाकिटातला टिश्यू म्हणजे वयाचा दाखला नसलेला बैल, गोठ्यात बांधला तरी किती दिवस ओढेल ते सांगता येणार नाही.

"मग बीजाणूंपासून केलं तर? तिथे पिढी नवी होते ना?" होते, पण जात मोडते. बीजाणू बनताना दोन चुलींचं सामान एकत्र येऊन नव्याने वाटलं जातं, आई-बापांचा पत्त्यांचा डाव पिसावा तसं. प्रत्येक बीजाणूत एकच केंद्रक, आणि त्याला फळासाठी जोडीदार लागतो. धिंगरीत जोडी जुळणं दोन स्वतंत्र जनुकस्थानांवर ठरतं, दोन्ही वेगळी असतील तरच जुळतं. त्यामुळे एकाच टोपीतल्या बीजाणूंच्या जोड्या लावल्या तर चारात एकच जमते. दोन परक्या जाती घेतल्या तर जवळपास सगळ्या. टोपीचा छाप घेऊन सगळे बीजाणू एकत्र उगवले तर प्लेटवर शंभर वेगवेगळ्या जोड्या होतात आणि त्यांतली सर्वांत पळणारी जिंकते. म्हणजे माझा मूळ रोग, फक्त एका फटक्यात.

खरी पैदास करायची तर बीजाणू एकेक सुटे करायचे, कड्या नसलेले तंतू निवडायचे, दोन जातींतले पाच-पाच घेऊन पंचवीस जोड्या लावायच्या, कड्या आल्या की प्रत्येक जोडीचे निदान दहा बेड. म्हणजे अडीचशे बेड, आणि त्यातून कदाचित एक बरी जात. मला तो नाद लागलाय हे घरी कबूल केलेलं नाही. नागपूरच्या मार्चमध्ये टिकणारी पांढरी धिंगरी मिळावी म्हणून गुलाबी धिंगरीवर नजर आहे, पण ती वेगळी प्रजाती, फ्लोरिडाशी तिचा संकर सहजी होत नाही. तोवर उन्हाळ्याला दुधी अळिंबी बरी. ती मुळातच तीस-पस्तीस अंशांत खूश असते.

गुलाबीबद्दल एक इशारा राहिला. तिच्या दोन ट्यूब मी फ्लोरिडासोबत फ्रिजमध्ये ठेवल्या आणि तीन महिन्यांत दोन्ही मेल्या. तापट हवामानातल्या जातींना चार अंशांची थंडी सोसत नाही, धानावरच्या पेंढा अळिंबीचे तंतू तर फ्रिजमध्ये अक्षरशः विरघळतात. आता गुलाबीच्या ट्यूब माठाशेजारच्या गार कोपऱ्यात असतात आणि दर दीड महिन्याने तपासतो. मे महिन्यात तो कोपराही तापतो, तेव्हा त्या कूलरच्या खोलीत हलवाव्या लागतात. ती आमची झोपायची खोली आहे.